वेगासमधली तुमची खुर्ची

अहो,

तुम्ही गेलात तेसुद्धा ऑफ-सीझनला. मागचा मोसम संपलेला, नवा सुरू व्हायला अजून महिना-सव्वा महिना, टीव्हीवर तुमचं काही लागत नव्हतं. तेव्हा मनात म्हणाला असाल, एवढ्यात हे एक उरकून घेऊ. कामं वेळापत्रकात बसवायची तुमची जुनी खोड. माझ्या वेळापत्रकात मात्र हे बसलं नाही. तुमच्यासाठी मूग भिजत घातले होते. तुम्ही नव्हतात तरी त्यांना व्यवस्थित मोड आले. शेजारच्या अपूर्वाने त्यांची उसळ करून मलाच वाढली आणि मी ती खाल्ली. लोक म्हणाले, काकू किती धीराच्या. धीर कसला, भूक लागली होती.

सकाळचा चहा मी तुमच्या मगातून पिते. म्हणजे ज्याच्यावर तुमचा चेहरा छापलाय त्या मगातून. सगळा खोका तसाच पडून होता, त्यातला एक काढला. इतक्या वर्षांच्या संसारात रोज उठल्याउठल्या, इतक्या नियमाने, तुमच्या तोंडाला तोंड लावल्याचं मला आठवत नाही. मगावर तुम्ही हसताय, क्लबची जर्सी घातली आहे, आणि जर्सीच्या आत पांढऱ्या शर्टाची कॉलर दिसते आहे. खाली लिहिलंय, 'बाबाज रूल्स'. तुमच्या घरात तुमचे नियम कधी चालले नाहीत, पण मगावर चालतात.

तुम्हाला हे सगळं माहीत आहे. पण हे वाचणाऱ्यांना वाटेल, म्हातारी भ्रमिष्ट झाली. म्हणून थोडं त्यांच्यासाठी सांगते, तुम्ही मध्ये बोलू नका. आता बोलणार नाहीच आहात, पण सवय.

आमचा एकुलता एक मुलगा निखिल सिडनीत राहतो. तिथे त्याला निक म्हणतात. तो एका जाहिरात एजन्सीत आहे आणि तिथल्या रग्बी लीगच्या एका क्लबचं मार्केटिंग बघतो. रग्बी लीग म्हणजे दांडगी माणसं अंगावर काहीही संरक्षण न घालता एकमेकांवर आदळतात तो खेळ. चेंडू घेऊन पुढे पळायचं, पण पास मात्र मागेच द्यायचा. सहा वेळा पाडलं की चेंडू समोरच्या संघाला. ऑस्ट्रेलियात या खेळावर माणसं जीव टाकतात. पण तिकडची माणसं मोजकीच, म्हणून अलीकडे मोसमाचे पहिले सामने इथे अमेरिकेत, लास वेगासला भरवतात. हेतू असा, की अमेरिकन माणसाने ते बघावेत, भुलावं आणि वर्षभर पैसे भरून टीव्हीवर बघत राहावं. अमेरिकेचा स्वतःचा असाच आदळाआदळीचा फुटबॉल आहे; तिला हा विकायला यायचं म्हणजे कोल्हापुरात येऊन चपला विकायच्या. पण निखिलला ते जमतं. अवघड गिऱ्हाईक त्याला आवडतं. लहानपणी घरात त्याच्याकडे दोन होती.

त्यातली एक मी. मी इथे आले तेव्हा काय नग होते, हे तुमच्याइतकं कोणाला माहीत नाही. संस्कृत घेऊन बी.ए., आणि ऍरिझोनाच्या वाळवंटाला सुसंस्कृत करायची जबाबदारी आपल्यावर आहे, अशी ठाम समजूत. रविवारी गॅरेजमध्ये सतरंजी घालून मुलांना सुभाषितं शिकवायचे, भर जूनमध्ये, पंखा लावून. मुलं घामाने निथळायची आणि मला वाटायचं, तपश्चर्या चालली आहे. निखिल तिसरीत असताना शाळेच्या फुटबॉलचा फॉर्म घेऊन आला. मी तो फाडला. म्हटलं, हा रानटी लोकांचा खेळ आहे, डोकं फुटेल. तो म्हणाला, आई, हेल्मेट असतं. मी म्हटलं, ज्या खेळाला हेल्मेट लागतं तो खेळ आपला नाही. केवढं वाक्य. मी स्वतःवरच खूश झाले होते, संध्याकाळी तुम्हाला फोन करून ऐकवलंही होतं. तर ज्या मुलाला मी हेल्मेट घालून खेळू दिलं नाही, तो पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन हेल्मेट नसलेला खेळ विकतो. नियतीला सुभाषितं येत नसतील, पण विनोद येतो.

दुसरं अवघड गिऱ्हाईक तुम्ही. पण तुम्ही निखिलशी कधी भांडला नाहीत. भांडायला घरात असावं लागतं. चिप कंपनीत प्रोसेस इंजिनिअर. डोक्यापासून पायापर्यंत पांढरा पोशाख घालून, फक्त डोळे उघडे ठेवून, बारा-बारा तासांच्या पाळ्या. धुळीचा एक कण आत जाता कामा नये. आम्हीही धूळच होतो बहुधा.

मग तुम्ही रिटायर झालात आणि घरात बसून तुम्हाला मुलगा आठवला. तो होता सिडनीत. फोनवर दोघांना बोलायला काही सापडेना. "काय, बरं आहे का?" "हो, बरं आहे." "हवा काय म्हणते?" ऍरिझोनात आणि सिडनीत हवेवर किती बोलणार? मग तुम्ही त्या खेळाचं ऍप घेतलंत. आणि बघता बघता असे पेटलात, की खेळाडूंच्या गुडघ्यांची ऑपरेशनं तुम्हाला पाठ. स्वतःच्या गुडघ्याची डॉक्टरकडची तारीख मात्र मी सांगायची.

सिडनीची शनिवार संध्याकाळ म्हणजे आपली मध्यरात्र. म्हणून तुम्ही सामना सकाळी बघायचात, रेकॉर्डिंग लावून, पहिल्या चहाबरोबर. आणि त्याच सुमाराला फोन वाजायचा. सामना संपवून, गर्दी पांगवून, निखिल गाडीतून घरी जात असायचा. आठवड्यातून तेवढाच त्याला निवांतपणा. तुम्ही हात वर करायचात, "उचलू नकोस. स्कोअर सांगेल."

मी म्हणायचे, अहो, त्याच्यासाठीच बघताय ना हा खेळ?

"हो, म्हणूनच. आधी बघतो, मग बोलतो."

तुमचा सामना संपेपर्यंत तो झोपलेला असायचा. असे किती शनिवार गेले. मुलाशी बोलायला विषय हवा म्हणून माणूस खेळ शिकतो, आणि त्या खेळापायी मुलाचा फोन उचलत नाही. हे फक्त तुम्हालाच सुचू शकतं. मी हे मंडळातल्या बायकांना विनोद म्हणून सांगायचे. हसून हसून त्यांच्या डोळ्यांत पाणी यायचं. माझ्या डोळ्यांतलंही त्याच्यात खपून जायचं.

मग वेगास सुरू झालं. निखिल कामासाठी येणार हे कळल्यावर तुम्ही खोल्या झाडायला काढल्यात. गाडीने पाच तासांवर मुलगा येतोय, एक रात्र तरी येईल. तो म्हणाला, बाबा, या वेळी शक्यच नाही, शेड्यूल पॅक आहे, तुम्हीच या ना. तिकिटं पाठवली त्याने. चांगली, मैदानाजवळची. मी म्हटलं, आईबापांना भेटायचं तिकीट काढावं लागतं हे पहिल्यांदाच ऐकलं. तुम्ही पांढरा शर्ट इस्त्री करायला टाकलात.

तिथे सामन्याच्या आधी रस्त्यावर मेळा होता. तुम्ही शर्टावर जर्सी चढवलीत, खिशातलं पेन आतच राहिलं आणि त्याचा उंचवटा छातीवर दिसत राहिला. काऊबॉय हॅट घातलेला एक धिप्पाड अमेरिकन गृहस्थ तुम्हाला विचारता झाला, की हे काय चाललंय बुवा. तुम्ही त्याला नियम सांगितलेत. तुमच्या त्या प्रोसेस इंजिनिअरच्या इंग्रजीत: तुला सहा संधी. सहा वेळा पडलास की रडायचं नाही, पंचाकडे बघायचं नाही, चेंडू गुपचूप देऊन टाकायचा. आणि पास मागे, कायम मागे; पुढे कोणी नाही ज्याला तू देऊ शकशील. निखिलच्या माणसाने ते चित्रित केलं. आठवड्याभरात ते ऑस्ट्रेलियाभर फिरलं. 'बाबाज रूल्स'. मग टी-शर्ट, मग मग.

आपलं भांडण त्याच्यावरून. ते अजून संपलेलं नाही आणि आता तुम्ही पळून गेलात, त्यामुळे मी एकटीच दोन्ही बाजूंनी बोलते.

तुमच्या इंग्रजीखाली त्यांनी इंग्रजी अक्षरं टाकली होती. उमर गेली तुमची या देशात. पेटंटवर नाव आहे तुमचं. तुम्ही बोलताय स्वच्छ इंग्रजी, जरा आपल्या वळणाचं, आणि खाली तेच इंग्रजी, जणू तुम्ही पक्ष्यांच्या भाषेत बोलताय. वर मागे सतार. तुम्ही आयुष्यात कधी सतार ऐकली होती का?

मी म्हटलं, "त्याने तुम्हाला विकलं."

तुम्ही म्हणालात, "विकू दे. त्या निमित्ताने त्याने मला पुन्हा पुन्हा बघितलं असेल ना. एडिट करताना बघावंच लागतं."

माझं चिडणं आहे ते या वाक्यासाठी.

आणि टोपी. त्या पहिल्या सामन्याला तुमच्या एका बाजूला मी होते आणि दुसऱ्या बाजूच्या खुर्चीवर तुम्ही तुमची टोपी ठेवलीत. निखिलने तिसरं तिकीट त्याच मतलबाने दिलंय, असं तुम्ही ठरवून टाकलं होतंत. तो खाली मैदानाच्या कडेला, कानाला ते बोलायचं यंत्र लावून इकडून तिकडे धावत होता. एकदा त्याने आपल्याकडे बघून हात केला. तुम्ही टोपीकडे बोट दाखवलंत. त्याने अंगठा वर केला आणि गेला. सामना संपला, लोक उठले, तुम्ही टोपी उचलून डोक्यावर घातलीत आणि म्हणालात, बिझी असतो बिचारा. पुढच्या वर्षी परत टोपी. शेवटपर्यंत टोपीच.

तेव्हा मला हसू आलं होतं. तुम्ही विचारलंत, काय झालं? मी म्हटलं, काही नाही. काही नाही कसं? ऐका आता.

निखिल शाळेच्या बँडमध्ये ट्रम्पेट वाजवायचा. वर्षातून दोन-तीन कार्यक्रम. शाळेच्या हॉलमध्ये मी लवकर जाऊन बसायचे आणि शेजारच्या खुर्चीवर माझी पर्स ठेवायचे. तुमची जागा. कोणी आलं, की म्हणायचे, सॉरी, माय हजबंड इज कमिंग. हजबंड कमिंगच राहिला. स्टेजवर दिवे लागायचे, निखिल ट्रम्पेट तोंडाला लावायच्या आधी एकदा खाली बघायचा. आधी माझ्याकडे, मग पर्सकडे. कितीतरी वर्षं त्याने त्या पर्सला ट्रम्पेट ऐकवलं. आठवीत होता तेव्हा गाडीतून उतरताना म्हणाला, मॉम, यू कॅन स्टॉप सेव्हिंग द सीट. शांतपणे, जणू दूध आणायला सांगत होता. त्या दिवशी मी पर्स मांडीवर घेऊन बसले आणि तुमच्या जागेवर कोणातरी मुलीचे आजोबा येऊन बसले. चांगले होते. नातीने वाजवलं तेव्हा रडले.

हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. तुम्ही थकून यायचात. मग वेळ निघून गेली. मग तुम्ही टोपी ठेवायला लागलात आणि सांगायची गरज राहिली नाही. बापलेकाचा हिशेब चोख चालला होता, मी कशाला मध्ये पडू.

तर तुमचा दहावा. निखिल आला होता, सून आणि नात तारा सिडनीतच राहिल्या, ताराची शाळा. विधी करायला केदार गुरुजी, म्हणजे सोमवार ते शुक्रवार डेटा इंजिनिअर आणि बाकी वेळ गुरुजी. आपल्या या चँडलर गावात कावळे मिळायचे वांधे. पण किराणा दुकानांच्या पार्किंगमध्ये ते ग्रॅकल असतात ना, काळे, लांब शेपटीचे, चोरटे, ते चालतात असं गुरुजी म्हणाले. "इक्विव्हॅलंट" हा शब्द त्यांनी वापरला. मागच्या अंगणातल्या भिंतीवर, संत्र्याच्या झाडापाशी, पिंड ठेवला. ग्रॅकल आले. भिंतीवर बसले, शेपट्या हलवल्या, आणि पिंडाकडे पाठ करून बसून राहिले. कोणी शिवेना.

निखिलने हळूच विचारलं, आता काय? गुरुजी म्हणाले, काकांची काही इच्छा राहिली असेल, ती पूर्ण करू म्हणून वचन द्यायचं, की पक्षी शिवतो. सगळे एकमेकांकडे बघायला लागले. अपूर्वा पुढे झाली. ती नागपूरची, तुमच्याच कंपनीत आता नोकरीला. म्हणाली, काका, काकूंची चिंता नका करू नं, आम्ही आहोत. पक्षी ढिम्म. मी म्हटलं, तुमची रोपं जगवीन. पक्ष्याला माहीत असणार मी ती जगवणार नाही. मग निखिल म्हणाला, मराठीत, जरा अडखळत, "बाबा, या वर्षी पण तुमची सीट ठेवू. वेगासला. आई येईल."

मी चमकून बघितलं. माझं नाव कोणी घालायला सांगितलं होतं? आणि त्याच वेळी, खरंच सांगते, मी मनात तुम्हाला म्हटलं, बरं, एकदा तुमच्या शेजारी त्याला बसवते, मग तर झालं? आणि तो ग्रॅकल उडाला आणि पिंडावर बसला.

सगळ्यांनी हात जोडले. निखिल रडला. मी रडले नाही, कारण मी हिशेब करत होते. पक्ष्याने कोणाचं वचन घेतलं? त्याचं की माझं? लोक म्हणाले निखिलचं. म्हणू देत. पण तो पक्षी तुम्ही पाठवला असेल, तर त्याने तुमचीच बाजू घेतली म्हणायची. मला पाच तास गाडीत बसवलंत.

दोन दिवसांनी निखिलने जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडला. तुमचा फोटो त्याच टेबलाच्या टोकाला, हार घातलेला. तो म्हणाला, ऑफिसला सांगितलं बाबांच्या सीटचं, त्यांना फार आवडलं, त्यांनी एक आयडिया केली आहे. एकेक चित्र दाखवायला लागला. 'अ सीट फॉर बाबा'. भरलेलं स्टेडियम. मध्ये एक रिकामी खुर्ची, तिच्या पाठीला तुमची जर्सी. अंधार, आणि खुर्चीवर एक प्रकाशाचा झोत. मोठ्या पडद्यावर तुमची ती क्लिप, मग कॅमेरा खुर्चीवर, मग शेजारी बसलेल्या माझ्यावर. माझ्या जागी त्यांनी कुठूनतरी एका भारतीय बाईचा फोटो लावला होता. पांढरी साडी, मान खाली, हात जोडलेले. त्या बाईचा नवरा बहुधा धडधाकट असेल, तिने फोटोचे पैसे घेऊन त्याच्यासाठी शर्ट घेतला असेल. कोपऱ्यात एका बेटिंग कंपनीचं नाव.

मी म्हटलं, "हे काय?"

"आई, इट्स अ ट्रिब्यूट."

"ट्रिब्यूटखाली जुगाराचं नाव कशाला?"

"दॅट्स जस्ट द स्पॉन्सर, आई."

जाता जाता ऐका, अहो. तुमच्या अकराव्याला स्पॉन्सर नव्हता, किती मागासलेले आपण.

तो घाईघाईने सांगत राहिला. दोन मिनिटांचं काम आहे, लोकांना बाबा खरंच आवडायचे, ते तिथे रिकामी खुर्ची बघतील तेव्हा... इथे तो थांबला. आणि मला वाटलं, याला माहीत आहे का, ही खुर्ची त्याला कुठे सापडली? ऑफिसात नाही सापडली ती. ती शाळेच्या हॉलमधली आहे. इतकी वर्षं जपून ठेवलेली, आता तिच्यावर झोत टाकून सगळ्यांना दाखवायची आहे: बघा, माझा बाप आला नाही. की माझा बाप आता येऊ शकत नाही? त्याचं त्याला तरी कळत असेल का? तुमच्यावर सूड की तुमच्यावर माया, हे मी त्या चित्रात शोधत होते, आणि दोन्ही एकाच झोतात उभी होती. मला तुम्हा दोघांचा सारखाच राग आला.

"येईन," मी म्हटलं. "बसेन."

कुठे बसेन ते मी सांगितलं नाही. त्यानेही विचारलं नाही. मार्केटिंगवाला आहे, पण आईची वाक्यं नीट वाचायला शिकला नाही.

तेराव्यानंतर तो कामासाठी थेट वेगासला गेला. मला नंतर अपूर्वाने नेलं. वाटेत किंगमन गावाला पेट्रोल भरायला थांबलो तेव्हा ती म्हणाली, काकू, टेन्शन आलं असेल नं, एवढ्या लोकांसमोर? मी म्हटलं, छे, मला कॅमेऱ्याचं टेन्शन नाही, कॅमेऱ्यालाच येऊ दे. ती पोरगी आत जाऊन चिप्स घेऊन आली.

मी मोरपंखी नेसले होते. स्टेडियममध्ये पर्स नेऊ देत नाहीत. आरपार दिसणारी प्लॅस्टिकची पिशवी लागते. निखिलने ती पाठवून दिली होती, अर्थातच वर जुगारवाले. त्यात माझा चष्मा, बीपीची गोळी, रुमाल आणि बडीशेपेची डबी. बाईची पर्स आरपार दिसायला लागली, की तिचं काय उरतं? बडीशेप.

आत गेलो. माझ्या आजूबाजूला सगळे ऑस्ट्रेलियनच. अमेरिकेला विकायला आणलेला माल घरूनच गिऱ्हाईकं घेऊन आला होता. मैदान हिरवंगार, हवा गारठलेली. आमच्या रांगेत दोन खुर्च्या शेजारी शेजारी. एकीच्या पाठीला तुमची जर्सी, दुसरीवर माझ्या नावाचं कार्ड. अपूर्वा मागच्या रांगेत, फोन सरसावून.

एक मुलगी मला माझ्या खुर्चीवर बसवून गेली. तिची पाठ वळल्यावर मी उठले. तुमच्या खुर्चीची जर्सी काढली आणि साडीवरून चढवली. गार वाजत होतं. तुमच्या खुर्चीवर बसले. माझ्या रिकाम्या खुर्चीवर पिशवी ठेवली. मागून अपूर्वा म्हणाली, काकू, काऊन असं करून राहिले? मी म्हटलं, तू शूट कर, आणि ते चिप्स इकडे दे.

दिवे गेले. पडद्यावर तुम्ही आलात, घराएवढे. सहा वेळा पडलास की रडायचं नाही. लोक तुमच्याबरोबर म्हणत होते, त्यांना पाठ होतं. खाली अक्षरं तशीच. मग झोत आला आणि माझ्या डोळ्यांत घुसला. पडद्यावर खुर्ची दिसली, आणि खुर्चीत जर्सी घातलेली एक म्हातारी चिप्स खात होती. निवेदकाने जे वाचायचं ते वाचलं: ही खुर्ची कायम रिकामी राहील वगैरे. लोक थोडे गोंधळले, मग टाळ्या वाजवल्या. रिकामी असती तरी वाजवल्या असत्या, भरलेली होती तरी वाजवल्या. त्यांचं वाईट वाटत नाही मला. ते खेळ बघायला आले होते, आपलं घर बघायला नाही.

निखिल पायऱ्या चढत आला. कानाला यंत्र, चेहरा लाल. वाकून, आवाज दाबून म्हणाला, "आई, व्हॉट आर यू डूइंग? ती बाबांची सीट आहे."

"म्हणूनच बसले."

"यू वेअर सपोज्ड टु सिट नेक्स्ट टु इट."

"ती जागा तुझ्यासाठी ठेवलीय," मी म्हटलं. "तुझा बाप दर वर्षी इथे टोपी ठेवायचा. माझ्याकडे टोपी नाही."

त्याने खुर्चीकडे बघितलं. पिशवीकडे. अहो, तोच चेहरा. डोक्यावरचे केस विरळ झालेत, दाढीत पांढरं आलंय, पण ट्रम्पेट तोंडाला लावायच्या आधीचा तोच चेहरा. कानातल्या यंत्रातून कोणीतरी त्याला ओरडून काहीतरी विचारत होतं, ते मलाही ऐकू येत होतं. शिट्टी झाली. सामना सुरू झाला. मागचे लोक म्हणायला लागले, मेट, खाली बस, दिसत नाही.

त्याने पिशवी उचलली आणि बसला.

बसला म्हणजे लगेच सुधारला असं नाही. पहिली दहा मिनिटं मला प्रेक्षकसंख्या सांगत होता. मी म्हटलं, समोर बघ. मग बघायला लागला. मग त्याने कानातलं काढलं. फोन पुन्हा पुन्हा थरथरत होता, तो त्याने पिशवीत टाकला, माझ्या गोळ्यांशेजारी. प्लॅस्टिकमधून तो पेटत होता, विझत होता, पेटत होता. पिशवी मांडीवर घेऊन तो शेवटपर्यंत बसून होता. मध्येच एकदा म्हणाला, बाबा इथे काय बोलायचे? मी म्हटलं, काही नाही, तुला शोधायचे. पुढचं मी सांगितलं नाही. उरलेलं तुमचं आहे, तुम्ही सांगायला हवं होतंत.

क्लब हरला की जिंकला ते मी सांगणार नाही. तुम्ही म्हणायचात ना, आधी बघतो, मग बोलतो. आता बघा तिकडून.

तुमच्यावरचा माझा राग अजून गेलेला नाही, जाईल असं वाटतही नाही. पण त्या दिवशी वेगासला तुम्ही आला नाहीत, ते एका परीने बरंच झालं.

बसायला जागा नव्हती.